'मढं' कुठे वापरावं
तुमच्या कथेतल्या गिधाडांच्या प्रसंगात मेलेल्या जनावराला तुम्ही 'पार्थिव' लिहिलंय, ते आधी बदला. तो शब्द माणसाला मानाने निरोप देतानाचा. 'शव' शवविच्छेदनात शोभतं. जनावर मरून पडलंय, तर सरळ 'मढं' लिहा. इतका रोखठोक दुसरा शब्द मला तरी सुचत नाही. मात्र मढं म्हणजे मेलेलं शरीर, ते कुजलेलंच असेल असं नाही. सडणं दाखवायचं तर 'फुगलेलं', 'कुजलेलं' असं विशेषण जोडा, वास सुटल्याचं लिहा.

'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणे' नुसत्या लोभ्याला लावू नका. दुसऱ्याच्या मरणातून, संकटातूनही फायदा उकळणाऱ्यासाठी तो वाक्प्रचार आहे. आणि ज्यांच्या घरी दुःख झालंय त्यांच्यासमोर 'मढं' अजिबात नको, फार लागतं ते.