गालिच्यावर सांडलेले मेण

प्रश्न : दिवाळीत बैठकीच्या खोलीत मेणाच्या पणत्या तबकात मांडल्या होत्या. पाहुण्यांच्या गडबडीत तबकाला धक्का लागला आणि लाल मेण गालिच्यावर सांडले. डाग तळहाताएवढा असून आता तो घट्ट झाला आहे. शेजारच्या काकू वर्तमानपत्र ठेवून कडक इस्त्री फिरवायला सांगतात, तर माझ्या सुनेच्या मते उकळते पाणी ओतावे. गालिचा लोकरीचा आहे की कृत्रिम धाग्याचा, हेही आम्हाला ठाऊक नाही. काय करावे?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : काकूंचा सल्ला निम्मा बरोबर आहे, सुनेचा मात्र अजिबात मानू नये. उकळत्या पाण्याने मेण वितळते हे खरे, परंतु वितळलेले मेण वर येण्याऐवजी लवेच्या मुळाशी आणि तिथून खालच्या अस्तरात उतरते. अस्तर तागाचे असेल, तर भिजलेल्या तागाचा तपकिरी रंग वाळताना धाग्यांतून वर चढतो आणि एका डागाचे दोन डाग होतात.

इस्त्री हाती घेण्यापूर्वी गालिचा कशाचा आहे हे पाहावे, कारण माझ्या मते मेणापेक्षा इस्त्रीनेच अधिक गालिचे खराब होतात. पाठीमागे चिठ्ठी नसेल तर कडेच्या एखाद्या सुट्या धाग्याचे टोक कापावे, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडीने पेटवावे आणि थंड होईपर्यंत हात लावू नये. लोकर रडतखडत जळते, ज्योत दूर केली की विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेला काळा अंश बोटांत चुरडतो. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनसारखा कृत्रिम धागा वितळत आक्रसतो आणि टोकाला कडक मणी उरतो.

आता बर्फ. बर्फाचे खडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारावी, म्हणजे गालिचा भिजणार नाही, आणि ती पिशवी डागावर पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. मेण ठिसूळ झाले की चमच्याच्या कडेने, डागाच्या बाहेरच्या बाजूकडून मध्याकडे, हलकेच खरवडावे. सुरीची धार लावू नये, कारण तिने लव कापली जाते. मुंबईच्या उकाड्यात मेण लवकर मऊ पडते, म्हणून थोडा भाग खरवडून पुन्हा बर्फ ठेवावा, आणि निघालेल्या खपल्या पायाखाली चिरडण्याआधी व्हॅक्यूम क्लीनरने किंवा ब्रशने उचलाव्यात. या कामाचा कंटाळा करू नये. आपले मेण लाल आहे. जितके थंड असताना निघेल तितका रंग पुढे पसरण्यापासून वाचेल.

राहिलेल्या मेणासाठी इस्त्री. मेणबत्तीचे पॅराफिन साधारण ५० ते ६५ अंश सेल्सियसला वितळते, आणि इस्त्रीची आच ठरवणाऱ्या चकतीवर एका ठिपक्याची खूण असते, त्या खुणेवर तापमान सुमारे ११० अंशांपर्यंत जाते. म्हणजे सर्वांत कमी आच पुरून उरते. तीन ठिपक्यांवर इस्त्री २०० अंशांच्या आसपास पोहोचते आणि पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळते, शिवाय त्याची लव त्याच्या बरीच आधी चपटी होऊन चकाकू लागते. असा चकाकणारा ठसा कोणत्याही उपायाने जात नाही. म्हणून काकूंची ‘कडक’ इस्त्री नको आणि वर्तमानपत्रही नको, कारण उष्णतेने त्याची शाई गालिच्यावर उतरू शकते. साधा पांढरा टिश्यू पेपर, टिपकागद किंवा जुन्या धोतराचे धुवट कापड घ्यावे. वाफ बंद ठेवून इस्त्री चार-पाच सेकंद टेकवावी आणि उचलावी; घासू नये.

कागदावर तेलकट, आरपार दिसणारा गुलाबी ठिपका उमटेल. तो उमटला की कागदाची कोरी बाजू पुढे सरकवावी, नाहीतर शोषलेले मेण पुन्हा गालिच्यात जाते. नव्या कागदावर ठिपका उमटेनासा झाला की थांबावे. धागा कृत्रिम निघाला तर इस्त्रीऐवजी हेअर ड्रायरने मेण पातळ करून टिश्यूने टिपणे मला अधिक पसंत आहे. वेळ लागतो, पण लव वाचते.

मेण गेले तरी लाल छटा उरण्याची शक्यता आहे, आणि ती निराळी अडचण आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट पांढऱ्या सुती कापडावर घेऊन आधी कपाटाखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर तपासावे. गालिच्याचा रंग कापडाला लागला नाही, तरच डाग टिपावा. स्पिरिट थेट ओतल्यास अस्तर चिकटवणारा गोंद सैल होऊ शकतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास दिवा किंवा गॅस पेटता नसावा. रॉकेल आणि पेट्रोल तर घरात वापरूच नये. ब्लीचने लोकर विरघळते, तेव्हा त्याचाही विचार सोडावा. गडद लाल रंग पूर्णपणे जाईलच असे आश्वासन मी देणार नाही. गालिचा रेशमी किंवा हाताने विणलेला भारी असेल, तर बर्फाचे काम घरी उरकून तो जाणकार धुलाईवाल्याकडे द्यावा आणि डाग मेणाचा आहे हे आवर्जून सांगावे.

प्रश्न : इस्त्रीने मेण निघाले, पण काही आठवड्यांनी त्याच जागी काळपट डाग दिसू लागला. असे का?
– एक वाचक, दादर

उत्तर : लवेत मेणाचा पातळ थर राहिला आहे आणि त्यावर धूळ बसते आहे, रस्त्यालगतच्या घरात हे लवकर दिसते. कोऱ्या कागदाने एकदा पुन्हा कमी आचेवर टिपून पाहावे. नंतर वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब घालून, पिळलेल्या कापडाने डाग टिपावा आणि साध्या पाण्याच्या कापडाने साबण काढून घ्यावा. साबण राहिला तर तोही धूळ धरतो. गालिचा लोकरीचा असेल तर लोकरीच्या कपड्यांसाठीचा सौम्य द्रव वापरावा. पावसाळ्यात हे काम हाती घेतल्यास गालिच्याची ती बाजू खुर्चीवर उचलून पंखा लावावा, कारण जमिनीवर तो खालून वाळत नाही आणि कुबट वास धरतो.