पोहणे थांबवणे आणि पोहायला शिकवणे : दोन वेगळे निर्णय

स्पर्धेतून बाहेर पडण्याच्या उंबरठ्यावर असलेले खेळाडू आणि त्यांचे पालक समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक चिंता हमखास पुढे येते : इतकी वर्षे खेळात घातली, मोठ्या पदकाची आशा मावळली, आता प्रशिक्षक होणे म्हणजे हार पत्करणे तर नव्हे? पुण्यातील एका जलतरणपटूच्या अनुभवाच्या आधारे या चिंतेविषयी लिहीत आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा २३ वर्षांची होती. २०० मीटर बटरफ्लाय हा तिचा मुख्य प्रकार. राज्य स्पर्धांत अनेक पदके आणि राष्ट्रीय स्पर्धेत रिलेचे एक पदक तिच्या नावावर होते. मात्र तिचे सर्वोत्तम टायमिंग १७व्या वर्षी लागले होते आणि पुढे दोन वेळचा सराव, जिम, दुखऱ्या खांद्यावरचे उपचार हे सारे नेमाने करूनही ते पुन्हा लागले नव्हते. क्लबने तिला उन्हाळी सुट्टीतील नवशिक्यांची बॅच सांभाळायला सांगितले, तेव्हा तिने होकार दिला आणि त्या रात्रीपासून तिची झोप उडाली. “मॅडम, मी पोहत नाही, तर मग मी आहे तरी कोण?” असे तिने विचारले.

तिचा हा प्रश्न मला अतिशय गंभीर वाटला. ज्या मुलीचे जेवण, झोप, मैत्रिणी, महाविद्यालयातील हजेरी आणि सणवारसुद्धा लहानपणापासून सरावाच्या वेळापत्रकाने ठरवले, तिची स्वतःची ओळख खेळाशी इतकी घट्ट विणली जाते की खेळ सुटताना आपणच उसवत आहोत असे वाटू लागते. क्रीडा मानसशास्त्रात या ओळखीचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. ब्रिटन ब्रुअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ती मोजण्यासाठी एक प्रश्नावलीही प्रसिद्ध केली. ही ओळख खेळाडूला सरावात टिकवून ठेवते आणि तीच, दुसरी कोणतीही ओळख सोबत वाढली नसेल तर, निवृत्तीच्या वेळी त्याला सर्वांत जास्त त्रास देते.

तिच्याशी बोलताना लवकरच लक्षात आले की स्पर्धा थांबवणे आणि प्रशिक्षक होणे हे दोन निर्णय तिने एकच मानले होते. क्लबचा प्रस्ताव आल्यामुळे पहिला निर्णय तिने न घेताच घेतला गेला होता. म्हणून प्रशिक्षणाचा विषय आम्ही काही काळ बाजूला ठेवला. खांद्याबाबत अस्थिरोगतज्ज्ञांचे स्पष्ट मत घ्यावे, ते अनुकूल असेल तर शेवटची एक स्पर्धा स्वतः निवडून पोहावी आणि तिच्या सरांना व आईवडिलांना आधी तसे सांगावे, असे ठरले. डॉक्टरांनी मर्यादित सरावाला परवानगी दिली. राज्य स्पर्धेत ती चौथी आली. टायमिंग साधारण होते. तरीही थांबण्याचा निर्णय आता तिचा स्वतःचा होता आणि तिच्या बोलण्यात त्याचा फरक जाणवत होता.

याच काळात आईवडिलांसोबत झालेली बैठक मला फार महत्त्वाची वाटते. वडिलांची काळजी पोटापाण्याची होती, आणि ती रास्त होती. आई मात्र बराच वेळ गप्प होत्या. मग त्या म्हणाल्या, “पहाटे चारला उठून हिचा डबा करायचा, तलावावर बसून राहायचं, यात माझीही सगळी वर्षं गेली. आता सकाळी उठून मी काय करू?” मुलीने ते प्रथमच ऐकले. खेळाडूच्या निवृत्तीबरोबर घरातील आणखी एक माणूस निवृत्त होत असतो आणि त्याच्या दुःखाची दखल कोणी घेत नाही. पुढे मुलांवर “इतकं केलं तुझ्यासाठी” असा जो भार पडतो, त्याचे मूळ अनेकदा या न बोललेल्या रितेपणात असते. या बैठकीनंतर घरातील धुसफूस पुष्कळ निवळली.

प्रशिक्षणाकडे आम्ही वळलो तेव्हा दोन अडचणी समोर आल्या. नवशिक्यांच्या बॅचमधील आठ वर्षांचा एक मुलगा पाण्यात तोंड बुडवायला तयार नव्हता आणि ती त्याच्यावर ओरडली होती. ती स्वतः इतक्या लहानपणी पाण्यात उतरली होती की पाण्याची भीती म्हणजे काय हे तिला आठवतच नव्हते. स्वतःच्या अंगात मुरलेले कौशल्य दुसऱ्यासाठी सुटे करून मांडणे, म्हणजे आधी काठाला धरून पाण्यात श्वास सोडणे, मग तरंगणे, मग पाय मारणे, ही स्वतंत्र विद्या आहे आणि पदके मिळवल्याने ती आपोआप येत नाही. तिने स्वतःहून आपल्या जुन्या सरांकडे सहायक म्हणून उभे राहण्याची परवानगी मागितली.

दुसरी अडचण अधिक खोल होती. स्पर्धक गटातील १२ वर्षांच्या एका मुलीचा ब्रेस्टस्ट्रोक उत्तम होता, तरी माझ्याकडे आलेली ही जलतरणपटू तिला पुन्हा पुन्हा बटरफ्लायच्या सरावाचे सेट देत होती. आपले न लागलेले टायमिंग ती त्या मुलीकडून वसूल करू पाहत होती, हे मी तिला स्पष्ट सांगितले. ते तिच्या मनाला लागले, पण तिने मान्य केले. तेव्हा मी तिला मेलनी मार्शल यांच्याविषयी सांगितले. ही ब्रिटिश जलतरणपटू २००४ साली २०० मीटर फ्रीस्टाइलमधील त्या वर्षीचे जगातील सर्वांत वेगवान टायमिंग नावावर घेऊन अथेन्स ऑलिंपिकला गेली आणि तिला अंतिम फेरीही गाठता आली नाही. २००८ नंतर ती डर्बी येथे प्रशिक्षक झाली. तेथे आलेल्या अ‍ॅडम पीटी या मुलाचे फ्रीस्टाइल साधारण होते, पण त्याच्या ब्रेस्टस्ट्रोकमधील ताकद तिने ओळखली, आणि पुढे रिओ व टोकियो या दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्णपदक जिंकले. स्वतःचा प्रकार बाजूला ठेवून समोरच्या मुलाचा प्रकार पाहणे मार्शलला जमले, आणि माझ्या मते चांगल्या प्रशिक्षकाची पारख येथेच होते.

प्रत्येक जलतरणपटूने प्रशिक्षकच व्हावे असे मात्र मी कोणालाही सांगत नाही. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले, पुढे ते राज्य शासनात तहसीलदार झाले आणि तरीही २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदक हुकून चौथे आले. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी वेळेत करून घ्यावी लागते, आणि नेमके तेच अनेक जण पुढे ढकलतात. रेल्वे, पोलीस आणि सैन्यदलांतही खेळाडूंना संधी असते.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर हिशेब मांडूनच द्यावे लागले. तलावावरची कमाई एप्रिल-मेमध्ये भरपूर आणि पावसाळ्यात व थंडीत तुटपुंजी असते, त्यामुळे केवळ उन्हाळी बॅचवर संसार उभा राहत नाही. बारा महिने चालणारा स्पर्धक गट, एखाद्या शाळेतील नियमित काम आणि त्यासोबत रीतसर पात्रता, म्हणजे पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम किंवा सुरुवातीला तिचाच अल्प मुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, तसेच जीवरक्षक आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, एवढे जुळवावे लागते. तिने जीवरक्षक प्रशिक्षण पूर्ण केले आहे आणि पदविकेची तयारी चालवली आहे. सकाळी ती सरांच्या हाताखाली स्पर्धक गट पाहते, दुपारी एका शाळेत शिकवते. दोन वर्षांनी उत्पन्नाचा हिशेब पुन्हा मांडायचा आणि गरज वाटली तर वाणिज्य पदवीच्या आधारे नोकरी शोधायची, असे तिने आणि वडिलांनी मिळून ठरवले आहे.