जुनं कूलंट आत ठेवून इंजिन सुरू करायचं का?

प्रश्न : बाबांची जुनी क्लासिक गाडी बरीच वर्षं शेडमध्ये एकाच जागी उभी आहे, आता तिला परत रस्त्यावर आणायचंय. रेडिएटरचं झाकण उघडलं तर पातळी ठीक आहे पण पाणी पार तपकिरी झालंय. मित्र म्हणतो वरून नवीन कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) टाक आणि स्टार्टर मार, साफ होईल आपोआप. चालेल का? आणि जुनं काढलं तर ओतायचं कुठे?

उत्तर : नाही, कृपा करून असं करू नका. तपकिरी रंग म्हणजे आत गंज सुटलाय. कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर गंज रोखणारी रसायनं असतात, ती काळाबरोबर संपत जातात (जुन्या पद्धतीच्या हिरव्या कूलंटचं आयुष्य साधारण २ वर्षंच धरतात) आणि ग्लायकॉल स्वतः हळूहळू विघटित होऊन त्याची आम्लं बनतात, मग बिडाचा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा), त्यावरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर ते, रेडिएटरचा डाख (धातूचा जोड), सगळ्यालाच ही आम्लं खायला लागतात. गाळ सध्या ब्लॉकच्या तळाशी शांत बसलाय, इंजिन फिरवलंत की तो उठून थेट रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकणार. म्हणून आधी थंड इंजिनातूनच सगळं बाहेर काढा.

बहुतेक जण इथेच अर्धवट काम करतात, रेडिएटरखालचा कॉक उघडतात आणि झालं म्हणतात, पण ब्लॉकमध्ये बरंच कूलंट तसंच राहतं. ब्लॉकला बाजूला बहुतेक वेळा वेगळा ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) असतो तो शोधा. प्लग काढूनही थेंब पडला नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका, भोकापाशी गाळ घट्ट बसलेला असतो, तारेने हळूहळू टोकरा आणि तोंड बाजूला ठेवा, कारण एकदम भस्सकन येतं. हीटरचा व्हॉल्व्हही उघडा ठेवा. नंतर थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर कूलंटला वाट देणारी झडप) काढून उलट्या दिशेने पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत, प्रेशर मात्र बेताचं, जुना रेडिएटर जोर सहन करत नाही. त्याच वेळी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी ऑइलमध्ये शिरलंय, मग हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलची) तपासणी आधी, कूलंट नंतर.

आता ओतायचं कुठे, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला फार बरं वाटलं. गटारात नाही, मातीत नाही, झाडाच्या बुंध्याशी तर मुळीच नाही. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्रं-मांजर चाटतं आणि थोड्याशानेही किडनी निकामी होऊन मरतं, लहान मुलांनाही तेवढाच धोका. प्राणी झोकांड्या खाताना दिसला तर उतरेल म्हणून वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. शिवाय जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या डाखात शिसं असतं, ते कूलंटमध्ये उतरलेलं असू शकतं. त्यामुळे पसरट ट्रेमध्ये धरा, पहिलं धुवण सुद्धा त्यातच, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर मोठ्या अक्षरात लिहा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच नको. इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका, आणि वापरलेलं कूलंट जिथे घेतात अशा वर्कशॉपला किंवा घातक कचरा केंद्राला द्या. सांडलं तर लाकडाचा भुसा टाकून तोही उचला.

भरताना गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल त्याच प्रकारचं कूलंट, डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. नुसतं कूलंट भरलं तर उष्णता कमी वाहून नेली जाते. रंगावरून प्रकार ठरवू नका, दोन वेगळ्या जातीची कूलंटं मिसळली तर कधीकधी जेलीसारखा गाळ बनतो. होज (रबरी नळ्या) दाबून बघा, फुगलेले, चिरलेले किंवा लिबलिबीत असतील तर सगळेच बदला. पहिल्यांदा इंजिन गरम होताना टेंपरेचरच्या काट्यावरून नजर हलवू नका, वॉटर पंपाखाली थेंब पडतोय का तेही बघा, आणि गरम असताना झाकणाला हात नको. थोडं फिरवून झाल्यावर पाणी परत तपकिरी दिसलं तर पुन्हा काढून भरा, इतकी वर्षं साठलेला गंज एका फ्लशमध्ये सगळा निघतोच असं नाही.