रिसॉर्टनी पाहुण्यांना अधिक सढळ सवलती द्याव्यात का?

द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आज ज्या पद्धतीने त्या वाटल्या जातात ती पद्धत अन्यायाची आहे आणि ती मी स्वतः अनुभवली आहे.

आम्ही नागपूरकर. मध्य प्रदेशातील खवाशाहून पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या तुरिया फाटकाकडे जाताना लागणाऱ्या एका रिसॉर्टमध्ये आम्ही सलग चार वर्षे उन्हाळ्यात जात होतो. मे 2023 मध्ये आई-वडिलांच्या लग्नाला 50 वर्षे झाली, म्हणून आमच्या आणि साडूंच्या कुटुंबाने तेथेच तीन रात्री राहायचे ठरवले. मी नेहमीप्रमाणे थेट फोन करून खोली घेतली. भाडे 8,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे रात्रीला 9,440 रुपये. माझ्या साडूंनी शेजारचीच, अगदी तशीच खोली मोबाइलवरील ॲपमधून 6,800 रुपयांना घेतली. भाडे साडेसात हजारांच्या आत असल्याने त्यांना त्या वेळी 12 टक्केच कर लागला आणि रात्रीचे 7,616 रुपये झाले. तीन रात्रींत 5,472 रुपयांचा फरक पडला, आणि तो मला दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर, जेवणाच्या टेबलावर कळला.

मी व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी सभ्यपणे सांगितले की ॲपवरचा दर वेगळा असतो आणि त्यातून ॲपवाले 18 टक्के कमिशन कापून घेतात. मी तेथेच कागदावर हिशेब मांडला. साडूंच्या भाड्यातून रिसॉर्टच्या हाती 5,576 रुपये पडत होते. तेवढ्यात त्यांचे भागत असेल, तर चार वर्षे न चुकता येणाऱ्या आणि एक पैसाही कमिशन न लागणाऱ्या माणसाला 6,200 रुपये भाडे सांगायला काय हरकत होती? साडूंच्या खोलीपेक्षा त्यांना 600 रुपयांवर जास्त मिळाले असते आणि माझेही पैसे वाचले असते. याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी आई-वडिलांसाठी केक पाठवला. तो आम्ही आनंदाने कापला, पण माझा प्रश्न केकचा नव्हता.

साडू मात्र आजही म्हणतात, "मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही. तुम्ही मागितले नाही, चूक तुमची." हे मला मुळीच मान्य नाही. माझे वडील 31 वर्षे सरकारी नोकरीत होते. त्यांनी कधी कोणाकडे भाव पाडून मागितला नाही आणि आम्हालाही तसे शिकवले नाही. समोरच्याने योग्य भाव आपणहून सांगावा, एवढी अपेक्षा ठेवणे म्हणजे भोळेपणा नव्हे. जो घासाघीस करतो त्याला स्वस्त आणि जो विश्वास ठेवतो त्याला महाग, असा व्यवहार चालवणाऱ्याला नेहमीचे गिऱ्हाईक टिकवता येत नाही. आम्ही त्यानंतर तेथे गेलो नाही.

सवलत परवडत नाही, असे रिसॉर्टवाले म्हणतात, ते मे महिन्यापुरते आणि नाताळापुरते मी समजू शकतो. उन्हाने पाणवठ्यांवर वाघ दिसू लागले की खोल्या आपोआप भरतात. परंतु 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात जंगलाचे गाभा क्षेत्र, म्हणजे आतला मुख्य भाग, पर्यटकांसाठी बंद असते, आणि तेव्हाही माळी, स्वयंपाकी, पहारेकरी यांचे पगार द्यावेच लागतात. नागपुरातील कळमन्याच्या बाजारात आज न खपलेला संत्रा उद्या उतरत्या भावाने तरी जातो. रिकाम्या गेलेल्या खोलीची ती रात्र कोणत्याच भावाने परत विकता येत नाही. पावसाळ्यात निम्म्या भाड्यातही खोली देणे शहाणपणाचे आहे. दर आधी फुगवून मग त्यावर 40 टक्के सूट छापणे ही मात्र सवलत नव्हे, फसवणूक आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्यावरच्या खोलीवर 18 टक्के जीएसटी आहे. म्हणजे 8,000 ऐवजी 7,500 रुपये भाडे लावले तर पाहुण्याला 9,440 ऐवजी 7,875 रुपयेच द्यावे लागतात. 5 टक्क्यांच्या दरात मालकाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे त्याचा हिशेब थोडा वेगळा असतो, हेही खरे आहे. तरीही खोली घेण्यापूर्वी ॲपवरचा दर पाहून ठेवा आणि मग थेट फोन करून करासहित एकूण रक्कम विचारा. सफारीचे शुल्क वनविभागाचे असते. त्यात रिसॉर्टकडे सूट मागू नये.

आणखी एक सांगायचे राहिले. हे सारे मी मोठ्या रिसॉर्टविषयी लिहिले आहे. जंगलालगतच्या गावात एखादे कुटुंब दोन-तीन खोल्या देते आणि घरची बाईच स्वयंपाक करते, तेथे सांगितलेले पैसे मुकाट्याने द्यावेत. गेली दोन वर्षे आम्ही अशाच एका घरी उतरतो, आणि तेथे साडूंनाही मी भाव करू देत नाही.