बदलीच्या गावी एकटा आहे. पेटी वाजवून एकटेपणा खरंच हलका होतो का?

तुम्ही लिहिलंय, बदली होऊन फोंड्यात आलात, ओळखीचं कोणी नाही, संध्याकाळी खोली खायला उठते. पेटी सोबत आणलीय, पण काढावीशी वाटत नाही. माझं उत्तर हो आहे, आणि ते मला घुमट या गोव्यातल्या तालवाद्यानं शिकवलं.

२२ मार्च २०२०चा जनता कर्फ्यू गोव्यात उठलाच नाही, तसाच लांबत गेला, मग देशभर लॉकडाऊन लागला. आई पुण्याला बहिणीकडे अडकली आणि डिचोलीजवळच्या आमच्या घरात मी एकटा. पहिले काही दिवस वाण्याची दुकानंही बंद होती. पण सामानापेक्षा जास्त छळलं ते तिन्हीसांजेनं. हातात सतत फोन, फोनवर आकडे, रात्री डोळ्याला डोळा नाही.

एप्रिलमध्ये माळा झाडताना बाबांचं घुमट सापडलं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: दोन्हीकडे तोंड असलेलं मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर चामडं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं, बंदीमुळे आता बकऱ्याचं लावतात. बाबा चतुर्थीच्या आरत्यांना वाजवायचे. ते गेल्यावर कुणी हात लावला नव्हता. उजव्या हाताची बोटं चामड्यावर, आणि डाव्या तळव्यानं मागचं लहान तोंड झाकायचं-उघडायचं. तळवा केव्हा उचलला यावर नाद घुमतो की आतच दबतो हे ठरतं. दोन्ही हातांना असं वेगळं काम लागलं की बातम्यांना डोक्यात जागा उरत नाही. अर्ध्या तासानं उठलो तेव्हा कळलं, इतके दिवस खांदे आवळूनच बसलो होतो. धड काही वाजलं नव्हतं, तरी त्या रात्री झोप लागली. म्हणून सांगतो, चांगलं वाजण्याची वाट बघू नका.

सोबत मिळाली ती आठवड्यानं. मी थांबलो आणि पोफळीच्या कुळागरापलीकडून शामेळ वाजलं, घुमटाच्या जोडीला काठ्यांनी वाजवतात ते. शेजारचे काका, सत्तरी ओलांडलेले, गावच्या आरत्यांना जन्मभर वाजवत आलेले. महिनाभर आमची गाठ नव्हती. त्यांनी काठ्यांनी एक ठेका वाजवला नि थांबले. मी तोच वाजवला, चुकलो. त्यांनी पुन्हा तोच, आणखी संथ. काळोख पडेपर्यंत हेच चाललं, एका शब्दाविना. दुसऱ्या दिवशी गडग्यापाशी दिसले, मास्कमधूनच म्हणाले, "पुता, घाई कित्याक?" मग रोज दिवेलागणीला ते शिकवत आणि मी शिकत गेलो, मध्ये पोफळी.

त्या वर्षी २२ ऑगस्टला चतुर्थी. घरोघर आरत्यांना फिरायचं नव्हतं. पावसानं चामडं सैल पडलेलं, ते चुलीपाशी धरून शेकलं, बोटानं टिचकी मारून पाहिली, पुन्हा शेकलं. आपापल्या पडवीत बसून आम्ही आरती धरली. दुसऱ्या कडव्याला खालच्या घरातून झांज सुरू झाली. तिथं कोण वाजवतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

तुम्ही तर फोंड्यात आहात. देवळं पावलापावलावर, मंगेशीला दर सोमवारी पालखी, आणि भजनाला पेटीवाला लागतोच. पण ते सवडीनं. आज फक्त पेटी काढा, रोज त्याच वेळी अर्धा तास बसा, आणि खिडकी उघडी ठेवा.