शाळेत डुशेनबद्दल नेमकं काय सांगावं?

सर, ७ सप्टेंबरला, म्हणजे जागतिक डुशेन जागृती दिनाला, तुमच्या जिल्हा परिषद शाळेत डुशेन या स्नायूंच्या आजारावर कार्यक्रम आहे आणि पालकांना काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या ११ वर्षांच्या मुलाला हाच आजार आहे, म्हणून लिहिते.

फेरी काढा, पोस्टरं लावा. पण वेळ कमी असेल तर एकच गोष्ट करून दाखवा : मूल जमिनीवरून उठतं कसं. आपली पोरं बस्करावर बसतात, त्यामुळे ते रोज दिसतं. माझा मुलगा चार वर्षांचा असताना आधी ओणवा व्हायचा, दोन्ही हात जमिनीला टेकवून ढुंगण वर करायचा, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. याला गॉवर्सची खूण म्हणतात. १८७९ साली लिहून ठेवलेली गोष्ट, आणि आम्ही ती मोबाइलवर शूट करून हसत होतो.

दुसरं, पोटऱ्या. आम्ही कोल्हापूरकडचे. पोराच्या जाड, टणक पोटऱ्या बघून जो तो म्हणायचा, "पैलवान होणार!" ताकद कुठली, स्नायूची जागा चरबीनं घेतलेली. शिवाय चवड्यावर चालणं, सारखं पडणं, जिन्याच्या कठड्याला लोंबकळत चढणं.

रक्तात एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीत बघतात ते एन्झाइम) वाढलेलं आलं आणि आमचे आठ महिने लिव्हरच्या औषधांत गेले. ते स्नायूंतूनही रक्तात उतरतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. पुढे दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी, करायला लावली. ती साधारण २०० च्या आत हवी, याची १८,००० च्या वर. मग रक्तावरूनच जनुकाची तपासणी झाली. या जनुकाचे ७९ एक्झॉन, म्हणजे तुकडे, असतात, म्हणून जागृती दिनासाठी सातवा दिवस, नववा महिना.

"आईकडून येतो" एवढंच सांगून थांबू नका, हात जोडते. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो हे खरं, पण सुमारे एक तृतीयांश मुलांत जनुकातला हा बिघाड आईकडून न येता नव्यानंच झालेला असतो. माझी तपासणी व्हायच्या आधीच आमच्या घरात निकाल लागला होता. रिपोर्टात मी वाहक (बिघडलेलं जनुक पुढे देऊ शकणारी) निघाले नाही, तरी सासूबाईंनी तो कागद हातात घेतला नाही. आई वाहक निघाली तर मात्र बहिणी, मावश्या यांनी तपासून घ्यावं, पुढच्या गरोदरपणाच्या आधीच.

बरा करणारं औषध नाही, पण स्टेरॉइड वेळेवर सुरू झालं तर चालणं काही वर्षं जास्त टिकतं. म्हणून लवकर कळायला हवं. पीटीच्या सरांना वेगळं बसवून सांगा की अशा मुलाला उठाबशांची शिक्षा नको, त्यानं स्नायू आणखी फाटतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हा आजार आहे, प्रमाणपत्र मिळतं, हेही पालकांच्या कानावर घाला. अंगणवाडीताईंना पहिल्या रांगेत बसवा, तीन ते सहा वर्षांची पोरं त्यांच्याच समोर असतात.

आणि शाळेत असा मुलगा असेल तर त्याला स्टेजवर उभा करू नका. आमच्याला एकदा पाहुण्यांसमोर "उठून दाखव" म्हटलं होतं.

त्यालाच आत्ता विचारलं, शाळेला काय सांगू? व्हीलचेअरवरून म्हणाला, "आधी एक कमोड बसवा म्हणावं."