स्विमिंग करून आल्यावर केसांचा आणि कॉस्च्यूमचा क्लोरीनचा वास कसा घालवायचा?

तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी स्विमिंगला जाता, दोनदा शाम्पू करूनही ऑफिसात केसांना वास मारतो, कॉस्च्यूम वाळवून ठेवला तरी कपाट उघडलं की तोच वास, आणि शेवटी लिहिलंय, "आमच्या टँकमध्ये क्लोरीन फारच जास्त टाकतात." या शेवटच्या वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसलेय. पण आधी तुमचं काम सांगते.

पाण्यात उतरायच्या आधी शॉवरखाली केस मुळापर्यंत भिजवा, नुसता हात ओला करून फिरवायचा नाही. कोरडा केस टँकचं पाणी पितो, साध्या पाण्याने भिजलेला खूप कमी पितो. मग टोपी. बाहेर आलात की तिथेच धुवायचे, घरी जाऊन बघू म्हणालात की संपलं. नुसत्या शाम्पूने वास पूर्ण जात नाही, त्याला व्हिटॅमिन सी लागतं. एस्कॉर्बिक ॲसिडची साधी पावडर मिळते, अर्धा चमचा अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून केसांवर ओता, दोन-तीन मिनिटं थांबा, धुवा आणि मग शाम्पू. रोज ताजं करायचं, उरलेलं ठेवून उपयोग नाही. लिंबातही तेच असतं पण फारच थोडं, त्यामुळे लिंबं पिळत बसू नका. चघळायच्या गोळ्याही नकोत, त्यात साखर आणि रंग असतो.

कॉस्च्यूमही त्याच पाण्यात दहा मिनिटं बुडवा, गार पाण्याने खळबळून काढा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत टाका. गरम पाणी नको, मशीन नको. ओला कॉस्च्यूम प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिवसभर गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, निम्मा वास तिथेच मुरतो. लायक्रा क्लोरीनने मरतोच, मागच्या बाजूला पातळ होऊन ढिला पडतो, रोज जाणार असाल तर पूर्ण पॉलिएस्टरचा घ्या.

आता ते वाक्य. नाकात जाणारा, डोळे चुरचुरवणारा वास म्हणजे टँकमध्ये क्लोरीन जास्त असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं आणि ते साफ चूक आहे. तो वास चांगल्या क्लोरीनचा नसतोच. घाम, लघवी, अंगाचं तेल यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतं, वास त्याचा. म्हणजे माणसांच्या घाणीच्या मानाने क्लोरीन कमी पडलंय.

हे मला अण्णांनी शिकवलं. माझे वडील. त्यांनी नगरपालिकेच्या फिल्टर हाऊसला ३१ वर्षं काढली, तुरटीचा डोस, टीसीएलचा म्हणजे ब्लीचिंग पावडरचा डोस, पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं की रात्रपाळीत दर तासाला नळी भरून बघायची. रिटायर झाल्यावर आमच्याकडे राहायला आले तेव्हा आमच्या सोसायटीच्या टँकवरून वाद चालू होता. उन्हाळ्याची सुट्टी, पन्नास-साठ पोरं एका वेळी पाण्यात, माझ्या मुलीचे डोळे रोज लाल. मीटिंगमध्ये कमिटीतले एक जण उठले आणि म्हणाले क्लोरीन अति झालंय, डोस निम्मा करा, सगळ्यांनी माना हलवल्या. अण्णा मागच्या खुर्चीवर बसले होते. ते उभे राहून म्हणाले, निम्मा करू नका, वाढवा, आणि पोरांना आंघोळ करून पाण्यात सोडा. त्यांना उत्तर मिळालं, "काका, हे प्यायचं पाणी नाही, तुम्ही बसा." आणि ते बसले. मीही काही बोलले नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ते त्यांची जुनी काचेची नळी आणि ओटीची बाटली (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन असलं की पाणी पिवळं करणारं औषध) घेऊन खाली गेले, मी मागोमाग. टँकच्या कठड्यावर बसून कोपर बुडेल इतक्या खोलवरून पाणी घेतलं, कारण वरच्या पाण्यावरून अंदाज येत नाही. चार-पाच थेंब टाकले, नळी चेंजिंग रूमच्या पांढऱ्या भिंतीसमोर धरली आणि दहा आकडे मोजले. पाणी पांढरंच. मला वाटलं ओटी जुनं झालं असेल. ते म्हणाले थांब. मग सावकाश पिवळा रंग चढायला लागला, पाच मिनिटांनी फिका, दहा मिनिटांनी चांगला पिवळा. म्हणाले, मोकळं क्लोरीन असतं तर दहा आकड्यांच्या आत पिवळं झालं असतं, हे मागून आलेलं सगळं अडकलेलं क्लोरीन, म्हणजे तेच क्लोरामाइन, हे वास मारतं पण जंतू मारायला फारसं कामाचं नाही. टँक सांभाळणारा मुलगा नळी भरायचा, बाजूला ठेवायचा, पंप चालू करून यायचा आणि मग रंग बघून वहीत "क्लोरीन ओके" लिहायचा. मुद्दाम नाही हो, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की घड्याळ लावायचं असतं.

डोस निम्मा झालाच. आठवड्याभरात पायऱ्या बुळबुळीत, पाण्याला हिरवी झाक, तीन-चार पोरांचे कान दुखायला लागले आणि वास आधीपेक्षा जास्त. मग बाहेरून माणूस बोलावला, त्याने गोळीने गुलाबी रंग येतो ती टेस्ट केली, मोकळं आणि अडकलेलं वेगवेगळं मोजलं आणि अण्णा म्हणाले होते तेच सांगितलं. एकदा भरपूर क्लोरीन टाकून अडकलेलं जाळून टाकायचं, याला शॉक म्हणतात, आकडा खाली येईपर्यंत टँक बंद. टँक परत उघडला तेव्हा वास जवळपास गेला होता. डोस वाढवून वास गेला, हे त्या मीटिंगमधल्या प्रत्येकाने नाकाने बघितलं. अण्णांना मात्र कुणी येऊन एक शब्द बोललं नाही.

म्हणून तुम्ही डोस कमी करायला सांगू नका. टँकवर जाऊन दोन आकडे विचारा, मोकळं किती आणि अडकलेलं किती. मोकळं १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) हवं, अडकलेलं ०.४ च्या आत. पीएच ७.२ ते ७.८, त्याच्या वर गेला की क्लोरीन असूनही कामाचं राहत नाही. मोजतच नसतील तर तुमच्या केसांचा वास शाम्पूने कसा जाईल? आणि एक मिनिट शॉवर घेतल्याशिवाय उतरू नका, अंगावरचं बरंचसं तेवढ्यात निघून जातं. डोकं तेलाने चोपडून पोरांना पाण्यात सोडणाऱ्या आयांना माझं थेट सांगणं आहे की तुमचं खोबरेल सगळ्यांच्या डोळ्यात जातंय. टोपीच्या आत टोकांना दोन थेंब लावलेत तर ठीक, चंपी नको.

हो, काही बंदिस्त टँकमध्ये हवाच खेळती नसते, तिथे पाणी बरं असूनही वास कोंडतो, तेवढं तपासा. केस पांढरे किंवा रंगवलेले असतील आणि हिरवट दिसायला लागले तर ते क्लोरीन नाही, तांबं आहे, शेवाळं मारायला मोरचूद टाकतात त्याचं. ओटी घरी आणू नका, विषारी असतं, गुलाबी रंगाच्या टेस्टचं किट घ्या. आणि ते पावडरचं पाणी डोक्याला कुठे खरचटलं असेल तर लावू नका, फार झोंबतं.